गॅलरीतून आधी कोण उठतं?

१ जून २०१८ च्या संध्याकाळी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनात भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. घरच्या मैदानावर राष्ट्रीय संघाचा इतका मोठा विजय, आणि तो पाहायला हजर होते २,५६९ प्रेक्षक. सव्वा कोटी वस्तीच्या शहरात! दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटा व्हिडिओ करून लोकांना अक्षरशः हात जोडले. टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात येऊन घाला, असं त्याचं म्हणणं होतं. ४ जूनला केनियाशी सामना होता, छेत्रीचा शंभरावा. पाऊस कोसळत होता आणि तिकीट शिल्लक नव्हतं.

या तीन दिवसांत कुणा मुंबईकराचा पगार वाढला नव्हता, लोकलचं भाडं कमी झालं नव्हतं की संघही बदलला नव्हता. आणखी मागे जाऊ. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नोटाबंदीला वर्ष होत आलं होतं, जीएसटी येऊन तीनच महिने झाले होते, लहान उद्योगांना धाप लागली होती. तरी त्या स्पर्धेला एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक आले. या वयोगटाच्या विश्वचषकात तोवर कुठल्याच देशाने एवढी गर्दी पाहिली नव्हती. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने महाराष्ट्रभरच्या शाळांतून दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावलं होतं. कापूस आणि सोयाबीनच्या आमच्या पट्ट्यातल्या शाळांच्या आवारातही त्या दिवशी नवे चेंडू उडाले.

फुटबॉलवेडे लोक एकत्र आले की एक वाद हमखास पेटतो: मैदानं ओस का पडतात? एक जण म्हणतो, लोकांच्या खिशात पैसाच नाही, मॅच कुठून बघणार? दुसरा म्हणतो, पैसा आहे, खेळात दम नाही. तिसरा मोबाइल पुढे करतो. रात्री लिव्हरपूल आणि रिअल माद्रिद फुकटात दिसत असताना दुपारच्या उन्हात कोण जाऊन बसेल? तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तिघंही संशयाने प्रेक्षकाकडेच पाहतात. या प्रकरणात तो संशय तपासायचा आहे. मंदीत, दुष्काळात, कारखाना बंद पडल्यावर गॅलरीतून आधी कोण उठतं?

सुरुवात खर्चाच्या हिशेबापासून करू, कारण पहिल्या माणसाचा मुद्दा सगळ्यांत सरळ दिसतो. समजा, परभणीतल्या एका तरुणाला मुंबईत इंडियन सुपर लीगचा सामना पाहायचा आहे. रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी मुंबई, संध्याकाळी सामना, पुन्हा रात्रीची गाडी. तो रोजंदारीवर असेल तर दोन रोज बुडाले. गाडीभाडं, दिवसभराचं खाणं, शहरातला प्रवास वेगळा. या सगळ्यात तिकिटाची रक्कम सगळ्यांत छोटी. उद्या क्लबने तिकीट फुकट केलं तरी त्याच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. सामना पाहण्याची खरी किंमत अंतरात आणि बुडालेल्या कामात असते. म्हणूनच मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे की नाही आणि सामना सुट्टीच्या दिवशी आहे की नाही, हे दोन प्रश्न तिकीटदरापेक्षा मोठे ठरतात. याचा पुरावा कोल्हापूरला सापडतो. तिथे आपण शेवटी जाऊ.

मराठवाड्यात हा हिशेब लोकांना शिकवावा लागत नाही. इथली मैदानावरची गर्दी फुटबॉलची नव्हे, जत्रेतल्या कुस्त्यांची. गंगाखेड, पालम, जिंतूर, सेलू या तालुक्यांतल्या गावांनी जत्रेच्या दंगली वर्षानुवर्षं भरवल्या आहेत. तिथे तिकीट नसतं. हलगी वाजते, पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि शेवटची कुस्ती सगळ्यांत मोठ्या इनामाची. हे इनाम गावच्या वर्गणीतून येतं. पावसाने दगा दिलेल्या वर्षी वर्गणी कमी जमते, शेवटच्या कुस्तीचं इनाम घसरतं आणि बाहेरच्या नामवंत मल्लाला बोलावणं परवडत नाही. गर्दीचं मात्र तसं होत नाही. हातात काम नसलेली माणसं फडाभोवती अधिकच दाटून बसतात, कारण तिथे बसायला पैसे लागत नाहीत आणि आखाड्यात उतरलेला मल्ल कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी मावसभाऊ असतो. हंगाम संपण्याआधीच गाव सोडून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तेवढी फडावर नसतात. गर्दीत पडलेलं हे खरं खिंडार. ते पैशाने पाडलेलं असतं, पण माणूस गावातच नसल्यामुळे पडलेलं असतं. गावात असूनही तो घरी बसला, असं नव्हे.

दुष्काळाने मैदान बंद पाडल्याचं एक ठळक उदाहरण आपल्या राज्यात आहे, मात्र ते क्रिकेटचं. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची दशा झाली होती, लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागत होतं. खेळपट्ट्यांवर पाणी ओतून आयपीएल खेळवण्याला आव्हान दिलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. अंतिम सामनाही मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. तेव्हा मुंबई-पुण्याचे चाहते हळहळले. खेळपट्टीच्या पाण्याने मराठवाड्याची तहान भागणार होती का, हा त्यांचा प्रश्न होता. हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. तरीही तो आदेश योग्य होता असं मला वाटतं. हंड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला टीव्हीवर हिरवंगार मैदान दिसत राहणं हा साधा अपमान नव्हता.

आता फुटबॉलच्या जन्मभूमीकडे वळू, कारण तिथे शंभर वर्षांची मोजदाद उपलब्ध आहे आणि तिथल्या आकड्यांवरून जगभरचे चाहते भांडतात.

१९३० च्या दशकातली जागतिक मंदी ब्रिटनमध्ये १९३३ च्या जानेवारीत सर्वांत खोल गेली. तीस लाखांच्या आसपास कामगार बेकार होते. कोळसा, जहाजबांधणी आणि कापड यांच्यावर जगणारा उत्तर भाग आणि वेल्स यांना सर्वाधिक झळ बसली. लँकेशायरमधल्या विगन बरो या क्लबने १९३१ मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून लीग सोडली. वेल्समधल्या खाणकामगारांचा मर्थर टाउन आधी लीगमधून गेला आणि १९३४ मध्ये बंद पडला. इथवर गोष्ट अपेक्षेप्रमाणे चालते. पण त्याच काळात, मार्च १९३४ मध्ये, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर एफए कपच्या एका सामन्याला ८४,५६९ माणसं आली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लंडनमध्ये आर्सेनलच्या हायबरी मैदानावर ७३,२९५ जण होते. त्या मैदानाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गर्दी भर मंदीतली आहे. मँचेस्टर तर कापडाचं शहर, आणि कापडगिरण्यांचे हाल चालू होते.

याच लंडनमध्ये थेम्स नावाचा एक क्लब होता. पूर्व लंडनमध्ये एक अवाढव्य स्टेडियम बांधलं गेलं, लाखाच्या वर माणसं मावतील असं. कुत्र्यांच्या आणि मोटरसायकलींच्या शर्यती नसतील त्या दिवशी ते रिकामं पडू नये म्हणून १९२८ मध्ये हा क्लब काढला गेला. आजूबाजूला वेस्ट हॅम, मिलवॉल, चार्ल्टन असे मुरलेले क्लब होते. गोदीतल्या कामगारांची पोरं बापाचा हात धरून तिथे जात आलेली. ६ डिसेंबर १९३० च्या शनिवारी थेम्स विरुद्ध ल्यूटन टाउन हा सामना पाहायला त्या प्रचंड स्टेडियमात ४६९ प्रेक्षक होते. १९३२ मध्ये क्लब बंद झाला. एकच शहर, एकच मंदी. आर्सेनलच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नाही आणि थेम्सच्या गॅलरीत वारा वाहतोय. मला या सगळ्या इतिहासात हे उदाहरण फार बोलकं वाटतं. मंदीने क्लब मारले हे खरं, पण ज्यांना कुणी आपलं म्हणत नव्हतं ते आधी मेले.

दुसरा प्रसंग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लंडच्या फुटबॉल लीगला ४ कोटी १२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. तो उच्चांक आजही अबाधित आहे. अन्न आणि कपडे रेशनवर मिळत होते, कोळसा टंचाईचा होता, पण काम सगळ्यांना होतं आणि खर्च करायला दुसरं काही बाजारात नव्हतं. तिथून उतार सुरू झाला तो १९८५-८६ मध्ये १ कोटी ६५ लाखांपर्यंत आला. हा उतार काही मंदीचा नव्हे. पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंड सुखवस्तू होत गेलं, घरात टीव्ही आला, दारात मोटार आली, आणि शनिवारची दुपार घालवायला इतर जागा मिळाल्या. लोकांच्या हातात पैसा वाढला तशी मैदानं रोडावली. शेवटच्या टप्प्यात मात्र बेकारीने हात दिला. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा पुन्हा तीस लाखांवर गेला. लिव्हरपूल शहराची गोदी ओस पडत होती आणि त्याच वर्षांत लिव्हरपूलचा संघ १९८२, ८३, ८४ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकत होता. घरच्या मैदानावरची सरासरी गर्दी मात्र १९७९-८० च्या ४४ हजारांवरून १९८३-८४ ला ३२ हजारांच्या आसपास उतरली. खेळात दम नाही म्हणून लोक येत नाहीत, या दुसऱ्या माणसाच्या मुद्द्याला हे उदाहरण पुरून उरतं. युरोपातला सर्वोत्तम संघ होता तो.

मग १९९० नंतर सगळं उलटं झालं. आग, चेंगराचेंगरी आणि दंगलींत शेकडो जीव गेल्यावर मैदानं नव्याने बांधली गेली, सगळीकडे खुर्च्या आल्या, तिकिटं महागली आणि गर्दी वाढली. २००८ ची मंदी आली तेव्हा प्रीमियर लीगची मैदानं ओस पडली नाहीत. फरक पडला तो आत कोण बसतं यात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या गॅलरीतलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं ठरवलं. सामना सुरू असताना ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० असा पुढे होता, सामना २-२ बरोबरीत संपला. क्लबने दरवाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगने बाहेरगावच्या संघासोबत येणाऱ्या प्रेक्षकांसाठी ३० पौंडांची मर्यादा घातली. उठून जाणं हीसुद्धा आपलेपणाची भाषा असते. ज्याला क्लबचं काही वाटत नाही तो आलेलाच नसतो.

आता घराजवळ, गोव्यात. २००६-०७ ते २०१२-१३ या सात हंगामांत देशाचं विजेतेपद सातही वेळा गोव्यातच राहिलं. धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, साळगावकर एकदा. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात एका छोट्या राज्याने असं राज्य क्वचितच केलं असेल. आणि याच वर्षांत गोव्याच्या मैदानांवर प्रेक्षक शोधावे लागत. अनेक सामने कामाच्या दिवशी, भर दुपारी, चारच्या ठोक्याला. फातोर्ड्याचं स्टेडियम नूतनीकरणासाठी बंद राहिलं तेव्हा संघ वास्कोच्या टिळक मैदानावर आणि म्हापशाच्या धुळेरला खेळत. बागा-कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात टीव्हीवर मँचेस्टर युनायटेड बघणारे गोवेकर चारच मैलांवरच्या आपल्या विजेत्यांकडे फिरकत नसत.

गोव्यात 'पैसा' या मुद्द्याला वेगळं वजन आहे. धेंपो आणि साळगावकर ही घराणी खाणीची. लोहखनिजाची निर्यात तेजीत होती तेव्हा त्या पैशातला एक छोटा ओघ फुटबॉलकडे वळत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा उत्खननाच्या प्रकरणी राज्यातल्या खाणी बंद झाल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे तालुक्यांत ट्रक दारात उभे राहिले, नदीतले बार्ज काठाला लागले आणि कर्जाचे हप्ते थकले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, तरी प्रत्यक्ष काम सुरू व्हायला वेळ गेला. म्हणजे २०१४ च्या ऑक्टोबरात खाणपट्ट्याची अवस्था बिकटच होती. आणि नेमक्या त्याच महिन्यात इंडियन सुपर लीग सुरू झाली, एफसी गोवा हा नवा संघ फातोर्ड्याला उतरला आणि गॅलऱ्या भरल्या. पहिल्याच हंगामात सरासरी पंधरा हजारांच्या वर माणसं येऊ लागली. सामने संध्याकाळी, दिव्यांच्या झोतात. प्रशिक्षक ब्राझीलचा झिको, मैदानात फ्रान्सचा रोबेर पिरेस. मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते, आणि आमच्या मराठवाड्यातल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूतही.

तेजीत जे प्रेक्षक आले नाहीत ते मंदीत आले. कारण उघड आहे. त्यांना त्यांच्या सवडीची वेळ दिली गेली, आणि जुन्या क्लबांमध्ये विभागलेल्या गोव्याला पहिल्यांदाच सगळ्यांचा म्हणता येईल असा संघ मिळाला. धेंपो जिंकला की साळगावकरचा चाहता नाराज असायचा, एफसी गोवा जिंकला की काणकोणपासून पेडण्यापर्यंत सगळे खूश. जून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून अंग काढलं, धेंपोही मागे हटला. नव्या लीगला पहिला मान देण्याच्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या योजनेचा त्यांनी निषेध केला होता. अशा रीतीने गोव्याच्या जुन्या घराण्यांनी राष्ट्रीय स्पर्धेची दारं लावून घेतली. प्रेक्षक तोवर कधीच घरी गेले होते असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं चूक नाही. पण अर्धं सत्य ते, कारण तेच प्रेक्षक फातोर्ड्याला परतले होते.

त्या नव्या लीगचंही कौतुक जपूनच करायला हवं. २०१५ मध्ये तिची सरासरी गर्दी पंचवीस हजारांच्या पुढे होती, चार वर्षांत ती जवळपास निम्म्यावर आली. विदेशातले निवृत्तीला आलेले तारे आले आणि गेले, नवलाई ओसरली, उरली ती फक्त टीव्हीची वेळापत्रकं.

पुण्याची कहाणी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत या शहरात देशपातळीवरचे चार क्लब होऊन गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये आला आणि २०१५ मध्ये गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम, २०१४-१५, खेळला. शिवाजीयन्स हा पुण्याचा जुना क्लब बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने हाती घेतला, आय-लीगपर्यंत नेला आणि २०१७ मध्ये तोही थांबला. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळत होता. त्याचा नारिंगी पोशाखातला चाहत्यांचा गट घोषणा देत, ढोल वाजवत उभा असायचा. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो क्लब बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. या चारांपैकी एकही क्लब प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून बंद पडला नाही. भारतातल्या क्लबांचा खर्च तिकिटांवर चालत नाही, तो मालकाच्या इतर धंद्यातून येतो. त्या धंद्याला ओहोटी लागली किंवा मालकाला लीगची दिशा पटेनाशी झाली की क्लब संपतो. बालेवाडीतला चाहता अखेरपर्यंत गॅलरीत होता. त्याच्या पायाखालचं मैदानच काढून घेतलं गेलं.

मुंबईनेही हे पाहिलं आहे. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा कुपरेज मैदानावर होत असे, ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. मफतलाल, ओर्के मिल यांसारखे कापड उद्योगाचे संघ कुपरेजवर खेळत. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचं जे झालं ते झालं. उद्योग आटले तसे त्यांचे संघही गेले. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेडही चारच वर्षांनी, २०१० मध्ये, मालक कंपनीने बरखास्त केला. कंपनी मात्र जोरात चालू होती. तेव्हा मालक फक्त मंदीतच उठतात असंही नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथचं. २००८ मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब दोन वर्षांत कर्जात बुडाला, मालकामागून मालक बदलले, आणि २०१३ पर्यंत तो घसरत घसरत चौथ्या श्रेणीत पोचला. एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या संस्थेने वर्गणी गोळा करून क्लब विकत घेतला. चौथ्या श्रेणीत, जिथे इतर क्लबांना चार-पाच हजार माणसं जमवताना नाकी नऊ येतात, तिथे पोर्ट्समथच्या मैदानावर सरासरी पंधरा हजार येत राहिले. संघ हरत होता, शहर काही श्रीमंत नव्हतं, तिसऱ्या माणसाच्या मोबाइलवर प्रीमियर लीग दिसतच होती. तरी लोक आले, कारण क्लबच्या कागदावर आता त्यांचंच नाव होतं. जत्रेच्या कुस्त्यांना वर्गणी देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आता कोल्हापूर. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, किंवा खंडोबा तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आले की पेठांमधली दुकानं लवकर बंद होतात. प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, फुलेवाडी, संध्यामठ ही नावं शाळकरी पोरांच्या तोंडी क्रिकेटपटूंच्या नावांसारखी असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगनंतर निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. संघांची नावं तालमींची आहेत, कारण मुळात इथे कुस्ती आणि फुटबॉल एकाच अंगणात वाढले. तिकीट स्वस्त, आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथून मैदान चालत येण्याच्या टप्प्यात. सुरुवातीला परभणीच्या तरुणाचा जो हिशेब मांडला त्यातले दोन्ही मोठे आकडे इथे शून्यावर येतात. २०१९ मध्ये वाहन उद्योगाच्या मंदीने शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी पाळ्या कमी केल्या, त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने अर्धं शहर पाण्यात गेलं. तरीही हिवाळ्यात सामने सुरू झाले तेव्हा पेठा मैदानात हजर होत्या. तो हंगाम मार्च २०२० मध्ये थांबला तो महामारीमुळे.

कोल्हापूरवर प्रेम आहे म्हणून तिथलं खटकणारंही लिहायला हवं. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी तिथले सामने वारंवार थांबले आहेत, आणि दगड उडाला की पोरांना घेऊन येणारा बाप पुढच्या वेळी घरी राहतो. गर्दी घटवायला मंदीपेक्षा ही भीती जास्त समर्थ आहे. इंग्लंडने ते १९८० च्या दशकात भोगलं. दुसरी गोष्ट पैशाची. अलीकडे तिथल्या संघांत बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू मानधनावर येतात, आणि त्या खर्चासाठी पेठेच्या वर्गणीऐवजी पुढारी आणि उद्योजकांकडे पाहिलं जातं. खेळाचा दर्जा त्याने वाढला, हे मैदानावर दिसतं. पण पेठेतल्या पोराची संघातली जागा गेली तर गॅलरीतल्या मामाला त्या संघाशी बांधणारं काय उरणार, हा प्रश्न कोल्हापूरकर स्वतःच आता कट्ट्यावर विचारू लागले आहेत. मला तो तिकीटदराच्या सगळ्या चर्चांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

सायमन रॉटनबर्ग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्ये बेसबॉलविषयी लिहिताना मांडलं होतं की निकाल आधीच ठाऊक असेल तर लोक सामन्याला येत नाहीत, म्हणून संघ तुल्यबळ हवेत. खेळाच्या अर्थशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. कोल्हापूरच्या लढती त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात, पोर्ट्समथच्या गॅलऱ्या देत नाहीत. प्रेक्षकाच्या पायाला ओढ कशाची हे निकालाच्या अनिश्चिततेवरून थोडं कळतं, पण संघाचं आणि त्याचं नातं काय यावरून कितीतरी जास्त.

पुण्याचा क्लब गेल्यानंतर परभणीहून सर्वांत जवळची अव्वल लीगची मैदानं मुंबई आणि हैदराबादची उरली होती. हैदराबाद एफसी म्हणजे पुण्याहून गेलेलीच जागा. त्या क्लबने मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकून लीगचं विजेतेपद मिळवलं. मग पैशाची चणचण सुरू झाली, खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलवून त्याचं नावही बदललं गेलं. दिल्लीकरांना हे नवं नव्हतं: त्यांचा आधीचा संघ, दिल्ली डायनामोज, २०१९ मध्ये भुवनेश्वरला नेऊन त्याचा ओडिशा एफसी केला गेला होता. म्हणजे लीगमधली ही एक जागा अकरा वर्षांत पुणे, हैदराबाद आणि दिल्ली अशी फिरली, आणि पहिल्या दोन्ही शहरांत संघाचा पोशाख अंगात घालून गॅलरीत बसलेली माणसं मागे राहिली. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेतून उचलून सोलापूरला नेता येत नाही, कारण ते विकायचा अधिकार कुणा एकाकडे नाही.